झाकण उघडलं की तयार

१

राइली हुत्तुनेन रोज सकाळी आठला उठायची, पायांत लोकरी मोजे चढवायची, कॉफीचं यंत्र लावायची आणि ते गुरगुरत असताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून कागद कारखान्याच्या धुराड्याकडे बघायची. वार्काउस शहरातल्या त्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एकेचाळीस वर्षं ती अशी उठत आली होती. त्यातली शेवटची नऊ एकटी. एकटं राहणं हा काही आजार नव्हे. पण बाई चौऱ्याहत्तरची झाली आणि दोनदा शेगडी चालू राहिली की पोटच्या लेकीलासुद्धा तो आजार वाटायला लागतो.

लेक साइला तांपेरेला असायची. तिनेच ती बैठक ठरवली होती: युहान्नुसच्या, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाच्या, सुट्टीनंतरच्या बुधवारी, आरोग्य केंद्रात. नर्स मेर्वी प्रश्न विचारणार. उत्तरं जमली नाहीत, तर राइलीने घराची किल्ली देऊन टाकायची आणि वृद्धांच्या निवासात एक खोली घ्यायची.

"रोज संध्याकाळी चार ओळी लिहा," मेर्वीने आधीच्या भेटीत सांगितलं होतं. "काय खाल्लं, कोण भेटलं, कुठे गेलात. सकाळी उठून वाचा. मागच्या आठवड्यातलं नीट सांगता आलं, तर तुम्हाला हलवायचं मला काही कारण नाही."

कागदावर लिहिण्यात अर्थ नव्हता. हात थरथरायचा, संध्याकाळी लिहिलेलं सकाळी तिचं तिलाच लागायचं नाही. राहता राहिला लॅपटॉप. तो अकरा वर्षांचा. सुरू करून ठेवावा, दाराबाहेर जाऊन पत्रपेटी बघून यावी, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच आहे. शेवटी एक दिवस त्याने स्वतःच सांगितलं की आता यापुढे मला नवे अपडेट मिळणार नाहीत, नवा लॅपटॉप घ्या.

"नवा कशाला?" वरच्या मजल्यावरचा ओइवा लाम्पिनेन म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला, आणि जगातल्या सगळ्या नव्या वस्तूंवर मनापासून राग. "जुनी प्रणाली काढून हलकं लिनक्स बसव त्याच्यावर. म्हाताऱ्या मशीनला दुसरं तारुण्य येतं. शिवाय आपल्याच देशातल्या पोराने सुरू केलेली गोष्ट आहे."

"मला जमेल?"

"नाही जमलं तर मशीन मरेल. ते तसंही मेलेलंच आहे."

"तू बसवून देशील का, असं विचारलंच नाही मी," राइली म्हणाली. "तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. मीच बसवणार."

२

सोमवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, चष्मा लावला आणि ओइवाने दिलेला पेनड्राइव्ह कडेला खुपसला. त्याने सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या होत्या. शिकताना लाज वाटू देणारी बाई ती नव्हेच. टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं वेगळी करायच्या मशीनवर उभी राहिलेली.

यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू झालं. निळसर, रिकामा पडदा, आणि मधोमध एक चित्र: 'बसवा'. ओइवाने कागदावर लिहिलं होतं: *हे नुसतं पाहुणं लिनक्स. बंद केलंस की सगळं विसरतं, एक अक्षर ठेवत नाही. खरं वापरायचं तर डिस्कवर बसवायला हवं.* तिने चित्रावर दाबलं. भाषा विचारली, दिली. कळफलक विचारला, दिला. जगाचा नकाशा आला, त्यावर हेलसिंकीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग तो प्रश्न: डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का? तिने श्वास रोखून 'हो' म्हटलं. नाव दिलं. पासवर्ड दिला, कुणाच्या बापाला सुचणार नाही असा. पट्टी हळूहळू भरत गेली, आणि तीन कप कॉफीनंतर अक्षरं आली: झालं. आता पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

राइलीचा हात थांबला. चालू मशीनमधून काही ओढायचं नाही. एकतीस वर्षांत हा एक नियम तिने कधी मोडला नव्हता. तो मोडणाऱ्या दोन बायकांची बोटं तिने पाहिली होती. मशीन सांगतंय म्हणून काय झालं? मशीनला बोटं नसतात. तिने पेनड्राइव्ह तिथेच राहू दिला आणि एंटर दाबलं.

काळा पडदा, बराच वेळ. मग पुन्हा तोच निळसर, रिकामा पडदा. 'बसवा'चं चित्र अजून मधोमध होतं. नव्या कोटावर किमतीची चिठ्ठी राहते तशी राहिली असेल, असं तिने मनाशी म्हटलं. पासवर्डसुद्धा मागितला नाही, हे तिला आवडलंच.

संध्याकाळी तिने दोन बोटांनी पहिली रोजनिशी लिहिली. तीन ओळी, पाऊण तास. *सोमवार. लिनक्स बसवलं. दुपारी वाटाण्याचं सूप. कोणी भेटलं नाही.* फाइल ठेवली, यंत्र रीतसर बंद केलं, झाकण मिटलं आणि ताठ मानेने झोपायला गेली.

३

मंगळवारी सकाळी तिने झाकण उघडलं, आणि पडदा समोर हजर. चक्र नाही, वाट बघणं नाही. तिने लगेच साइलाला फोन लावला.

"झाकण उघडलं की तयार! तुझ्या त्या महागड्याला येतं का असं?"

"आई, सकाळचे सव्वाआठ वाजलेत. मी कामावर आहे."

"मग कामावरच्यांना सांग. म्हणावं, माझ्या आईने एकटीने बसवलं."

"छान केलंस," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारी मेर्वीलाही सांग हं. आई, मी काही तुझी शत्रू नाही."

"शत्रू बरा. तो निदान फुलं घेऊन येत नाही."

फोन ठेवून तिने फाइल उघडली. पाच ओळी होत्या.

तिच्या तीन जशाच्या तशा. खाली आणखी दोन. *चार वाजता जिन्यात पावलं वाजली, मग थांबली. डाव्या कुशीवर झोपले.*

तिने त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. पावलं? वाजली असतील. डावी कूस? आपण कोणत्या कुशीवर झोपलो हे कुणी लिहून ठेवतं? पण लिहिलं होतं, म्हणजे लिहिलं असणार. यासाठीच तर मेर्वीने सांगितलं होतं ना? विसरतेस, म्हणून लिही. तिने त्या दोन ओळी पाठ केल्या. कळफलकावर मनगट टेकलं होतं ती जागा कोमट होती. जून महिन्यातलं ऊन पहाटे तीनपासून टेबलावर येतं, त्याने तापली असेल.

बुधवारी आणखी चार ओळी सापडल्या. *खिडकीची काच आतून पुसली.* काच खरंच स्वच्छ होती. कधी पुसली, ते मात्र आठवेना. गुरुवारच्या सकाळपर्यंत मजकूर पानभर झाला होता. त्यात होतं: *इमारतीतले लोक निघाले. दारं मोजली. अकरा वेळा कुलूप वाजलं. आता बरं शांत आहे.*

एवढं लिहायला माझ्या दोन बोटांना चार तास लागतील, असा विचार तिच्या मनात आला. तो तिने तिथेच दाबून टाकला. चार तास बसून लिहिलं आणि विसरले, असं कुणापुढे कबूल केलं असतं, तर बैठकीच्या बुधवारची वाटसुद्धा कुणी पाहिली नसती.

एवढं मात्र तिने केलं: त्या दिवशी सकाळी बसण्याआधी खुर्चीवर हात ठेवून पाहिला. खुर्ची सावलीत होती. उशी उबदार होती.

४

युहान्नुसला वार्काउस रिकामं होतं. ज्याची तळ्याकाठी सुट्टीची झोपडी आहे तो झोपडीत, ज्याची नाही तो ज्याची आहे त्याच्याकडे. रस्ते ऊन खात पडलेले, आणि इमारतीच्या सॉनाच्या, म्हणजे सामाईक वाफेच्या न्हाणीच्या, यादीत एकही नाव नाही. ओइवाने शुक्रवारी सकाळी तिला गाडीत घातलं.

"एकटी बसून त्या मशीनला कुरवाळत राहशील. चल. मुलगा मासे धुरावणार आहे, सून बोलणार आहे. मला कुणीतरी शांत माणूस हवंय."

ती रात्री तिथेच राहिली. सॉना घेतला, भुर्जाच्या पानांच्या जुड्या पाठीवर मारून घेतल्या, गरम पाठीने थंड तळ्यात उतरली, ओइवाच्या नातवंडांकडून पत्त्यांत हरली. शनिवारी दुपारच्या बसने ती एकटी परतली. केसांना अजून धुराचा वास होता.

जिना चढताना तिच्या पावलांशिवाय काही वाजत नव्हतं. दार उघडलं. आतली हवा बंद घराची असते तशी नव्हती. कॉफीचा वास होता, जुना नव्हे.

तिने चपला काढल्या, सरळ टेबलाकडे गेली आणि झाकण उघडलं. पडदा तयार.

*शुक्रवार. दिवसभर घरीच. प्रत्येक खोलीत थोडा थोडा वेळ बसले. पलंगावरही. दोनदा कॉफी घेतली. कोणी आलं नाही. शनिवार. अजून कोणी आलं नाही.*

राइलीने केसांची एक बट पुढे ओढून नाकाशी धरली. धूर. भुर्जाची पानं. ती तिथे गेली होती. गेलीच होती. मग तिला वाटलं, वेडी झालेली बाईसुद्धा नेमकं असंच, बट नाकाशी धरून, स्वतःला पटवत बसत असेल.

त्या रात्री तिने झोपायच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. किल्ली शोधायलाच अर्धा तास गेला.

५

रविवारी ओइवा आला, डासांनी चावून लाल झालेला. तिने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला आणि यंत्र त्याच्यापुढे सरकवलं. रोजनिशीबद्दल अवाक्षर काढलं नाही. "जरा बघ, सगळं नीट आहे का," एवढंच म्हणाली.

त्याची नजर पहिल्यांदा कडेला गेली.

"हे अजून इथे काय करतंय?"

"काय?"

"पेनड्राइव्ह, बाई! काढ म्हणून सांगितलं नव्हतं त्याने?"

"चालू मशीनमधून—"

"अरे देवा. टपालखातं." तो हसायला लागला. "राइली, तू डिस्कवर बसवलेलं लिनक्स एकदाही सुरू केलेलं नाहीस. आठवडाभर त्या पाहुण्यातच बसली आहेस. पासवर्ड मागितला का कधी? नाही ना? तरीच. काही लिहिलंबिहिलं असशील तर गेलं ते. बंद करताक्षणी सगळं पुसतं हे."

"गेलं नाही," राइली म्हणाली. "रोज सकाळी असतं."

"शक्यच नाही."

"झाकण उघडलं की तयार असतं."

"हे?" त्याने यंत्राच्या अंगावर टिचकी मारली. "पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला या म्हातारीला पाच मिनिटं लागतील. घड्याळ लाव."

त्याने यंत्र बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. दोघं पडद्याकडे बघत राहिले. आत पंखा घरघरत होता. सव्वापाच मिनिटांनी निळसर पडदा आला. रिकामा. मधोमध 'बसवा'. रोजनिशी नव्हती. ओइवाने सगळीकडे शोधलं. एक ओळ नव्हती, एक अक्षर नव्हतं.

"बघ. मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला, आणि मग त्याचं हसणं हळूहळू ओसरलं. "आज सकाळी होती, म्हणतेस?"

"होती. चार पानं. आणि काल संध्याकाळी मी स्वतः बंद केलं होतं."

"तर मग..." तो शब्द जुळवत म्हणाला, "आज सकाळी तू उठायच्या आधी हे कुणीतरी सुरू केलं. चारही पानं पहिल्या ओळीपासून टाइप केली. झाकण मिटलं. आणि काल सकाळीही तसंच. परवाही."

वरच्या मजल्यावर आवाज नव्हता, खालच्या मजल्यावर आवाज नव्हता. फ्रिज थरथरून थांबला.

"झोपेत उठत असशील," ओइवा म्हणाला. "अगं, होतं तसं. माझी आजी झोपेत लोणी घुसळायची."

"शुक्रवारी रात्री मी तुझ्या ओसरीवर झोपले होते, ओइवा. माझ्या झोपेचे पाय एवढे लांब नाहीत."

ओइवा कप खाली ठेवून मागे सरकला. पाव तसाच टाकून उठला आणि दाराशी बसून बूट घालू लागला. नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला.

"वर ये राहायला," तो खाली बघत म्हणाला. "आणि साइलाला सांग."

"सांगितलं, तर बुधवारी मला विचारतील, घरात कोण आहे? मी काय म्हणू? एका सेकंदात सही होईल कागदावर. तू कुणाला काही सांगायचं नाहीस. शपथ घे."

"राइली, हे घर एवढं—"

"माझं आहे ते," राइली म्हणाली. "शपथ घे."

त्याने घेतली.

६

त्याच संध्याकाळी तिने यंत्र बंद केलं, पूर्ण बंद झाल्याची खात्री केली, पेनड्राइव्ह ओढून काढला आणि पाकिटात घातला. मग पुन्हा सुरू केलं. या वेळी पासवर्ड मागितला. तिने दिला. आत सगळं कोरं होतं, तिचं नाव कोपऱ्यात. हे खरं, हे तिचं. तिने रविवारच्या दोन ओळी लिहिल्या आणि बंद केलं.

सोमवारी सकाळी झाकण उघडलं तर पडदा काळा. कळ दाबली, थांबली, पासवर्ड दिला. दोनच ओळी. राइली हसली, आणि दिवसभर तिला भूकही बरी लागली.

मंगळवारी पहाटे पाचला तिला जाग आली.

ऊन केव्हाच वर आलं होतं. पडद्याच्या कडेने खोलीत पिवळी रेघ पडली होती. बाहेरून बारीक आवाज येत होता. कुरव पक्षी खिडकीबाहेरच्या पत्र्यावर चालतात तसा, आठवडाभर तिने अर्धवट झोपेत पक्षीच समजलेला. आज ती पूर्ण जागी होती. पक्षी असे न थांबता चालत नाहीत. दहा बोटं होती ती. सराईत, भरभर, ओळीमागून ओळ.

पासवर्ड, तिला आठवलं. पासवर्ड फक्त मलाच माहीत आहे.

तिने किल्ली फिरवली, जमेल तितकी हळू. किल्ली वाजली नाही. पॅसेज पार केला. स्वयंपाकघराचं दार वीतभर उघडं होतं. त्या फटीतून टेबल दिसत नव्हतं, फक्त टेबलाखालची जागा. उन्हात धुळीचे कण. खुर्चीचे चार पाय. आणि त्यांच्यामध्ये दोन पावलं, तिचेच राखाडी लोकरी मोजे घातलेली. टाचा उचललेल्या. कामात रमलेलं माणूस हलवतं तशी चवड्यांवर हलत होती, खाली-वर, खाली-वर, टाइपिंगच्या लयीत.

राइलीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. अनवाणी.

आवाज थांबला. मजकूर संपल्यासारखा नव्हे, ओळीच्या मध्येच. टाचा सावकाश जमिनीवर टेकल्या, आणि मग दोन्ही पावलं दाराच्या दिशेने वळली.

ती धावली नाही. चौऱ्याहत्तरव्या वर्षी कोणी धावत नाही. ती मागे मागे सरकत खोलीत गेली, दार लावलं आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. पॅसेजमध्ये काही वाजलं नाही. थोड्या वेळाने कॉफीचं यंत्र गुरगुरलं.

आठ वाजता ती बाहेर आली. स्वयंपाकघर रिकामं होतं. एक कप धुऊन पालथा घातलेला, मोजे घडी करून खुर्चीवर. झाकण उघडलं, पडदा तयार. मागच्या सोमवारपासूनचा संपूर्ण आठवडा पुन्हा लिहिलेला होता, तारखा, जेवणं, माणसं, युहान्नुसचे मासेसुद्धा, पत्त्यांत कोण जिंकलं तेसुद्धा. कुठे चूक नाही, कुठे खाडाखोड नाही. शेवटी दोन ओळी.

*आज दारात उभी राहिली. आत आली नाही.*

*उद्या हेच सांगायचं.*

७

मेर्वीची खोली पांढरी होती. साइला भिंतीशी बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"मागच्या आठवड्यात, सोमवारी काय केलंत?"

"लॅपटॉपवर लिनक्स बसवलं. वाटाण्याचं सूप केलं."

"बुधवारी?"

"खिडकीची काच पुसली. आतून."

"शुक्रवारी?"

राइलीने साइलाकडे पाहिलं. आता सांगावं. एक वाक्य पुरेसं होतं. पलीकडे स्वच्छ खोली असेल, बाहेर नर्स असेल, दार रात्री कुणीतरी दुसरंच लावेल. आणि घरात ते राहील, एकटंच. तिच्या टेबलाशी.

"ओइवाच्या झोपडीत होते," ती म्हणाली. "त्याच्या मुलाने मासे धुरावले. पत्त्यांत धाकटी नात जिंकली, दोनदा."

ती बोलत राहिली. एकही दिवस अडला नाही. मेर्वी लिहीत होती, आणि लिहिता लिहिता तिच्या कपाळावरची आठी उलगडत गेली. साइलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे तर माझ्यापेक्षा बरं आहे," मेर्वी म्हणाली. "आता वर्षभर हा विषय नको. एकच विचारते, नियमाप्रमाणे. घरी मदतीला कोणी असतं?"

"नाही," राइली म्हणाली. "मी एकटीच असते."

साइलाने तिला गाडीने इमारतीच्या दाराशी सोडलं. "आई, मला माफ कर," ती म्हणाली. "मला उगाच भीती वाटली होती. घर तुझंच आहे. वर येऊ का? कॉफी घेऊ."

"नको," राइली घाईने म्हणाली. "आज नको. तू नीघ, उजेडात पोचशील."

"जूनमध्ये उजेड कुठे पळून जातोय?"

"नीघ म्हटलं ना."

गाडी वळणाआड गेली. राइली एक एक पायरी चढून दुसऱ्या मजल्यावर आली. दारावर तिच्या नावाची पाटी होती. एकेचाळीस वर्षांचं घर तिने राखलं होतं, कुणासमोर हात न पसरता, बुद्धी शाबूत आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध करून. किल्ली हातात होती. ती कुलपापर्यंत नेली आणि तशीच धरून उभी राहिली.

मग तिने दुसरा हात उचलला आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली. एकदाच, हलकेच. आणि आत जे कोणी असेल त्याला उठायला वेळ मिळावा म्हणून शांतपणे वीसपर्यंत आकडे मोजले.